अमळनेरला शिकलेल्या मुलीला दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात माझा फोन वाजायला लागतो. पारोळा, चोपडा, धरणगाव, शिरपूर अशा तालुक्यांतून कुणाचे वडील, कुणाचा मामा, कधी आमच्याच गावातले आबा बोलत असतात. सुरुवात बहुतेक वेळा अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत होते, "ताई, पोरगीले अमळनेरले टाकू का पुनाले?" गेली आठ-नऊ वर्षं मी हीच उत्तरं तोंडी देत आले. घाईत काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं आहे. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. जिथे नियम बदलले आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

१. तुम्ही नक्की कुठे, कधी आणि काय शिकलात?

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात, २००९ ते २०१२, बीएस्सी, शेवटच्या वर्षी विषय रसायनशास्त्र. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होते, अकरावी-बारावी पारोळ्याला झाली. नंतर पुण्यात एमएस्सी केलं आणि आता एका औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी कापूस आणि ज्वारी. आमच्या घरातली पदवी घेणारी पहिली मुलगी मी.

२. एवढ्याशा गावात कॉलेज कसं काय? ते चांगलं असेल का?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचे नातेवाईक जास्त विचारतात, आणि मला त्याचं उत्तर द्यायला मनापासून आवडतं.

अमळनेर तालुक्याचं गाव आहे, पण शिक्षणाच्या बाबतीत लहान कधीच नव्हतं. इथल्या प्रताप शेठजींनी कापड गिरणी काढली आणि गिरणीतून मिळालेला पैसा शिक्षणात घातला. १९१६ साली त्यांच्या आधाराने इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. देशभरातले तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बोरी नदीच्या काठावरच्या या गावात येऊन राहत, आणि इथून इंग्रजी तत्त्वज्ञान नियतकालिकही निघत असे. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयही तेच सांभाळत आणि मुलांसाठी 'विद्यार्थी' नावाचं मासिक काढत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. कॉलेज सुरू झालं १९४५ मध्ये. त्याच वर्षाच्या शेवटी इथे वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, आज त्याला सगळं जग विप्रो म्हणून ओळखतं. मराठी साहित्य संमेलनही इथे दोनदा झालं, १९५२ ला आणि २०२४ ला.

शिकत असताना यातलं मला जवळपास काहीच माहीत नव्हतं. तत्त्वज्ञान मंदिराच्या फाटकावरून मी तीन वर्षं ये-जा केली आणि एकदाही आत डोकावले नाही. तुमच्या मुलीला पहिल्याच वर्षी आत जायला सांगा.

३. रोज गावाहून येणं-जाणं जमतं का?

वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असाल तर पहिलं वर्ष जमतं. मी पहिलं वर्ष एसटीने काढलं. सकाळची गाडी चुकली की पहिलं लेक्चर गेलंच. संध्याकाळची शेवटची गाडी प्रॅक्टिकल संपायच्या आधी सुटायची, त्यामुळे आठवड्यातून दोनदा मी प्रॅक्टिकलमधून वीस मिनिटं आधी निघत असे. हेच पुढे महागात पडलं (प्रश्न ७ पाहा).

विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एसटीत मोठी सवलत आहे, भाड्याच्या साधारण एक तृतीयांश पैशात महिना निघतो. मार्च २०२३ पासून महिलांना एरवीच्या तिकिटातही निम्मी सवलत मिळते, ती आमच्या वेळी नव्हती. धरणगाव, नरडाणा, शिंदखेडा या बाजूची मुलं सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरने येतात. त्या गाडीत बसायला जागा मिळाली तर जाता-येता एक धडा वाचून होतो. माझ्या एका वर्गमैत्रिणीने ऑरगॅनिकचा अर्धा अभ्यास याच गाडीत केला.

बीए, बीकॉम असेल तर तीनही वर्षं ये-जा चालते. विज्ञान शाखेला दुसऱ्या वर्षापासून गावात राहिलेलं बरं.

४. मुलीला खोली करून एकटीला ठेवायचं म्हणजे भीती वाटते. काय करावं?

आधी मुलींच्या वसतिगृहात अर्ज करा. जागा थोड्या असतात, म्हणून प्रवेशाचा फॉर्म भरता त्याच दिवशी वसतिगृहाचाही भरा. ते नाही मिळालं तर ओळखीच्या कुटुंबाच्या घरातली वरची खोली, दोघी-तिघी मिळून. आम्ही तिघी तशा राहिलो. खाली राहणाऱ्या आजी संध्याकाळी सात वाजले की जिन्याच्या तोंडाशी येऊन "आल्या का गं साऱ्या?" असं विचारायच्या. पहिल्या महिन्यात ते टोचलं. तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या रात्री त्याच आजी दोन वाजता चहा घेऊन वर आल्या होत्या.

लहान गावाची सुरक्षितता आणि लहान गावाची नजर एकाच ठिकाणाहून येतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. तुम्ही कुणाशी बोललात ते संध्याकाळपर्यंत गावी कळतं. याचा त्रास होतो, मलाही झाला. वर्गातल्या एका मुलाकडून मी नोट्स घेतल्या, त्यावरून घरी आठ दिवस अबोला झाला होता. म्हणून वडिलांना माझी विनंती आहे की कुणी काही कानावर घातलं तर आधी मुलीला विचारा.

जेवणाचं म्हणाल तर मी सहा महिने एका खानावळीचा डबा लावला आणि पोट बिघडवून घेतलं. मग आम्ही तिघींनी मिळून शेगडी घेतली. भाकरी गावाहून दर सोमवारी यायच्या, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या), त्या तीन दिवस टिकायच्या. थंडीत भरीत आणि उरलेले दिवस खिचडी. स्वयंपाकात रोजचा तासभर जातो, तो हिशेबात धरा.

५. फी किती लागते? शिष्यवृत्ती मिळते का?

आकडा मी सांगत नाही, कारण दरवर्षी आणि तुकडीनुसार तो वेगळा असतो. पण प्रवेश घेताना एक प्रश्न विचाराच, "ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित?" एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन्ही असू शकतात आणि विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान नसलेल्या तुकडीची फी कित्येक पटींनी जास्त असते. गावाकडच्या पालकांना हा फरक माहीत नसतो. यादीत नाव लागलं की आनंदाने पैसे भरून मोकळे होतात.

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. राखीव प्रवर्गांच्या आपापल्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खाते, हे जूनच्या आधी तयार ठेवा. जूनमध्ये तहसील कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

मुलींना सगळं शिक्षण मोफत झालं असं ऐकून बरेच जण फोन करतात. २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि ठरावीक प्रवर्गांसाठी आहे. साध्या बीएस्सीला तो लागू धरून पैशांचं नियोजन करू नका.

६. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीतलं बीएस्सी झेपेल का?

झेपतं, पण पहिले सहा महिने रडवतात. आमच्या बाबतीत तर मराठीसुद्धा दुसरी भाषा. घरी अहिराणी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. मला 'विद्राव्यता' माहीत होती, पण फळ्यावर त्याचा इंग्रजी शब्द आला की आपण काहीतरी नवीनच शिकतोय असं वाटायचं. एका मॅडमने सांगितलेला उपाय मी अजून सगळ्यांना सांगते. वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने आखायचे, इंग्रजी शब्द, त्याचा देवनागरीत उच्चार आणि अकरावीपूर्वीच्या पुस्तकातला मराठी शब्द. दिवाळीपर्यंत माझ्या वहीत चारशेच्या वर शब्द जमले होते. त्यानंतर वाचायचं भय गेलं.

बोलायचं भय मात्र तिथे गेलं नाही. वर्गात शिकवणं मराठीत व्हायचं, शंका मराठीत, आणि बाहेर कट्ट्यावर अहिराणीत "कथा चालना भो?" (कुठे चाललास रे?). समजायला हे उत्तम, मला रसायनशास्त्र खरोखर समजलं ते यामुळेच. पण इंग्रजीत दोन वाक्यं सलग बोलायची वेळ तीन वर्षांत तोंडी परीक्षेशिवाय आली नाही. आता मी मुलींना सांगते की दोघींनी मिळून रोज पंधरा मिनिटं एकमेकींना आजचं प्रॅक्टिकल इंग्रजीत समजावून सांगा. चुका होऊ द्या. ऐकणारी आपलीच मैत्रीण असते.

७. लहान गावात प्रॅक्टिकल नीट होतात का? साहित्य असतं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा, आणि माझं सगळ्यात मोठं ऋण इथेच आहे.

महागडी यंत्रं आम्ही पुस्तकातल्या चित्रांतच पाहिली, खरं आहे. पण हाताने करायचं सगळं केलं. ब्युरेट (द्रव थेंबथेंब सोडायची खुणांची काचनळी), पिपेट, क्षारांचं पृथक्करण, किपच्या उपकरणातला तो हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास, तो ओढणीतून दोन धुण्यांनंतरही जायचा नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी रसायनशास्त्राला आम्ही वीस-बावीस जण होतो. म्हणजे प्रत्येकीला स्वतःची ब्युरेट. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांतून आलेल्या माझ्या एमएस्सीच्या मैत्रिणींनी चौघींत एक वापरली होती.

टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेटमधून एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून मोजण्याच्या प्रयोगात, सीबीआर यावा लागतो, म्हणजे तीनदा तेच वाचन. गुलाबी छटा यायच्या त्या एका थेंबावर थांबता आलं पाहिजे. पहिल्या वर्षी मला एसटी गाठायची असायची (प्रश्न ३). एकदा वाचन घेतलं आणि उरलेली दोन तशीच लिहून टाकली. जर्नल तपासताना मॅडमने विचारलं, "तिन्ही वेळा बरोबर बारा पूर्णांक चार आलं? छान. आता माझ्यासमोर एकदा कर." आलं अकरा पूर्णांक नऊ. त्या रागावल्या नाहीत. पान फाडायलाही सांगितलं नाही. त्या पानावर मला तारीख घालून लिहायला लावलं की ही वाचनं घेतलेली नाहीत, आणि पुढच्या पानावर प्रयोग पुन्हा करायला लावला. त्या दिवशी माझी गाडी चुकली. मॅडमने स्वतःच्या घरी जेवू घातलं आणि गावच्या दूधवाल्याच्या जीपमध्ये बसवून दिलं.

आज माझं काम हेच आहे. औषधाच्या प्रत्येक बॅचचं वाचन घ्यायचं, जे आलं तेच लिहायचं, खोडायचं असेल तर एक रेघ मारून सही आणि तारीख. नव्याने लागलेल्या मुलामुलींना यासाठी कंपनी आठवडाभराचं प्रशिक्षण देते. ते मी अठराव्या वर्षी एका पानावर शिकले होते.

तुम्ही आता कॉलेज निवडत असाल तर इमारत पाहू नका. प्रयोगशाळेत जा, एका बॅचमध्ये किती मुलं आहेत आणि त्या विषयाला कायम शिक्षक किती आहेत ते विचारा. बऱ्याच ठिकाणी जागा रिकाम्या आहेत आणि शिकवणं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर चाललं आहे. ते मनापासून शिकवतात. पण पुढच्या वर्षी ते तिथे असतीलच असं नाही, आणि मुलीला तीन वर्षं ओळखणारा कुणीतरी लागतो.

८. मग कमी काय पडलं? खरं सांगा.

शिक्षण कमी पडलं नाही. बातमी कमी पडली.

एमएस्सीसाठी आयआयटीत जाता येतं, त्यासाठी जॅम नावाची एक परीक्षा असते, तिचे अर्ज शेवटच्या वर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, हे मला पुण्यात आल्यावर, माझं ते वर्ष उलटून गेल्यावर कळलं. वसतिगृहातली एक मुलगी सहज बोलून गेली. मी तिला विचारलं, "ही परीक्षा कधी सुरू झाली?" मला वाटलं यंदाच निघाली असेल. ती तर २००४ पासून होती.

कुणी लपवलं नव्हतं. माझ्या घरात, गल्लीत, नात्यात त्या वाटेने आधी कुणी गेलेलंच नव्हतं, मग सांगणार कोण? शहरातल्या मुलीला अशा गोष्टी शेजारच्या दादाकडून, मावशीच्या मुलीकडून, क्लासच्या भिंतीवरच्या कागदावरून आपोआप कळतात. आपल्याकडे त्या मुद्दाम पोचवाव्या लागतात. मी पास झाले असते की नाही हे सांगता येणार नाही. पण बसलेच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आज मोबाइल आहे, तरी फार फरक पडलेला नाही. शोधायला आधी नाव माहीत लागतं. म्हणून नावं इथे लिहिते. विज्ञानाला जॅम आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट आणि राज्याची सेट. प्रत्येक राज्य विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा असू शकते, ती वेगळी पाहावी लागते. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ही नावं घराच्या भिंतीवर लावा.

९. शहरात गेल्यावर न्यूनगंड येतो का?

आला. एमएस्सीच्या पहिल्या सत्रात मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. 'आहे'ऐवजी अहिराणीतला 'शे' हा शब्द तोंडातून निसटेल या धास्तीने मी वाक्य आधी मनात जुळवायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. ते सुटलं प्रयोगशाळेत. तिथे बोलावं लागत नव्हतं आणि माझा हात स्थिर होता. दोन-तीन मुली विचारायला आल्या, त्यांना समजावताना तोंडही उघडलं.

एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, "अमळनेर? हे कुठे आलं?" आणि समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. मी गप्प राहिले. आज कुणी विचारलं तर प्रश्न २ मधलं सगळं सांगते, अगदी १९१६ पासून.

१०. बारावीला नव्वद टक्के आहेत. इतक्या हुशार मुलीला इथेच ठेवणं चूक नाही का?

इथे माझं उत्तर सरसकट नाही.

मुलीला संशोधनातच जायचं हे पक्कं असेल, पैशांची सोय असेल आणि आयसरसारख्या विज्ञान संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत प्रवेश मिळत असेल, तर पाठवा, अमळनेरला थांबवू नका. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणाला चांगल्या ठिकाणी नंबर लागत असेल तरी पाठवा. पण नुसतं "पुण्यात आहे" एवढ्यासाठी विनाअनुदानित तुकडीत, महिन्याला खोलीचं आणि मेसचं भाडं भरून, कर्ज काढून तीच साधी बीएस्सी करायला पाठवत असाल तर थांबा. त्याच पैशांत इथली तीन वर्षं होतात आणि पुढच्या दोन वर्षांच्या एमएस्सीसाठी काही उरतं. आमच्या घरी हा हिशेब दादाने मांडला होता, कापूस विकल्याच्या पावतीच्या मागच्या बाजूवर. मला तो तेव्हा पटला नव्हता.

११. विद्यापीठाचं नाव बदललं, त्यामुळे पदवीला अडचण येते का?

नाही. आपलं विद्यापीठ १९९० साली जळगावला स्थापन झालं, ऑगस्ट २०१८ पासून त्याचं नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. माझ्या पदवीवर जुनं नाव आहे आणि ते चालतं. कॉलेज तर विद्यापीठाहून जुनं. आधी मुंबई, मग पुणे, मग जळगाव, अशा तीन विद्यापीठांच्या पदव्या एकाच घरातल्या आजोबा, वडील आणि मुलाकडे असू शकतात. परदेशी अर्ज करताना मात्र विद्यापीठाच्या नामांतराची अधिसूचना सोबत जोडा.

दुसऱ्या विद्यापीठात जाताना टीसीबरोबर (कॉलेज सोडल्याच्या दाखल्याबरोबर) मायग्रेशन प्रमाणपत्रही लागतं. निकाल लागताच अर्ज करा. माझं उशिरा मिळालं आणि पुण्याचा प्रवेश शेवटच्या दिवशी कसाबसा टिकला.

१२. चार वर्षांची पदवी आली आहे म्हणतात. तीन वर्षांत थांबता येतं का?

येतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी नेहमीची पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चौथं वर्ष आपल्या कॉलेजात, आपल्या विषयात खरोखर चालू आहे का, हे पहिल्या वर्षीच विचारून ठेवा.

१३. एक विषय राहिला तर सगळं संपलं का?

नाही. एटीकेटी असते, पुढच्या वर्गात बसता येतं. माझा दुसऱ्या वर्षी गणिताचा एक पेपर राहिला होता. मी तो लपवला, आणि घरी कळलं तेव्हा पेपर राहिल्यापेक्षा लपवल्याचं दुःख आईला जास्त झालं. पेपर पुढच्या सत्रात सुटला.

१४. पदवी झाली, आता स्थळं येत आहेत. पुढे शिकवावं का?

हा प्रश्न वडील विचारतात आणि मुलगी मागे उभी असते, मला तिचा श्वास ऐकू येतो.

माझ्याही घरी विषय निघाला होता. अक्षय्य तृतीयेला सगळे जमले होते, आखाजीचे झोके बांधलेले, आणि माझं ठरवायचं चाललं होतं. माझ्या आजीने, जी स्वतः कधी शाळेत गेली नाही, एवढंच म्हटलं की पोरीला अजून दोन वर्षं द्या, झाड लावलंय तर फळ येईपर्यंत पाणी द्या. तिच्या शब्दावर मी पुण्याला आले. तुमच्या घरात अशी आजी नसेल तर मला फोन करा, मी बोलेन.

१५. तुमच्याशी बोलायचं असेल तर काय तयारी ठेवावी?

बारावीची गुणपत्रिका समोर ठेवा, उत्पन्नाचा दाखला आहे का ते पाहून ठेवा (प्रश्न ५), प्रवेशाची शेवटची तारीख कागदावर लिहून ठेवा. आणि फोन मुलीच्या हातात द्या. पहिल्यांदा ती नुसतं "हो" आणि "नाही" म्हणेल. मी थांबते.